हाडाला जानेवारी कळत नाही

दिवाळी संपली की ओपीडीतली गर्दी ठरलेली असते. सर्दी-खोकला, फराळाने वर गेलेली साखर, फटाक्यांच्या धुराने उसळलेला दमा. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या मंडळींची भर पडली आहे. चांगले धडधाकट, पायात महागडे बूट, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ, आणि चालताना एका पायावर किंचित कमी भार. हे मॅरेथॉनवाले. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आपली मविप्र मॅरेथॉनही जानेवारीतच. पावसाळ्यात सुरू केलेला सराव नोव्हेंबरात ऐन भरात येतो आणि पायही नेमके तेव्हाच दुखू लागतात. खुर्चीत नीट बसायच्या आधी प्रश्न येतो, “डॉक्टर, जानेवारीपर्यंत बरं होईल ना?”

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुखापतीतून सावरताना मॅरेथॉनची तयारी करता येते, आणि मी ती करू देतो. फक्त स्पर्धेची तारीख आधी आणि पाय नंतर, असा क्रम मला मान्य नाही. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. एका चुकीतून आलं आहे आणि ती चूक माझी आहे.

बेचाळिशीच्या एक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन अर्धमॅरेथॉन झालेल्या, पहिल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, नाव नोंदवलेलं. ऑक्टोबरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणून आल्या. ओपीडी भरलेली होती. मी नडगीवरून हात फिरवला, “शिन स्प्लिंट्स आहे, धावणाऱ्यांना होतंच,” असं म्हणून पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि आठवडाभर विश्रांती सांगितली. चौथ्या दिवशी दुखायचं थांबलं. थांबणारच, गोळी चालू होती. रविवारी त्या ग्रुपबरोबर गंगापूर रोडने गिरणाऱ्याच्या दिशेला २४ किलोमीटरच्या सरावाला गेल्या आणि शेवटचे तीन किलोमीटर रिक्षाने परत आल्या. एक्स-रे काढला, तो नॉर्मल. एमआरआय केला, त्यात नडगीच्या हाडाला बारीक तडा. स्ट्रेस फ्रॅक्चर.

मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता: “नेमकं कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवता का?” शिन स्प्लिंट्सचं दुखणं नडगीच्या आतल्या कडेला चार-सहा बोटं लांबीवर पसरलेलं असतं. रुग्ण अख्खा तळहात फिरवून दाखवतो. धावायला लागल्यावर अंग गरम झालं की ते बरेचदा कमी होतं. तडा गेलेलं हाड एका बोटाने दाखवता येतं, तिथे दाबलं की माणूस दचकतो, आणि धावत राहिलं की दुखणं वाढत जातं. पुढे पुढे रात्री अंथरुणातही ठणकतं. दुखऱ्या पायावर लंगडी घातल्यासारखी उडी मारायला सांगितली तर माणूस आधीच नाही म्हणतो. ही तपासणी एका मिनिटाची आहे. मी ते मिनिट दिलं नाही.

आता हाडाचं थोडं समजून घेऊ, कारण सगळा वाद तिथेच आहे. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे, ती सतत दुरुस्त होणारी वास्तू आहे. त्यात जुना भाग कुरतडणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग भरणाऱ्या पेशी असतात. तुम्ही धावणं वाढवलंत की हाडाला कळतं की इथे मजबुती हवी. पण ते आधी कुरतडतं आणि मग भरतं. कुरतडण्याचं काम दोन-चार आठवड्यांत होतं, भरण्याला तीन महिने किंवा जास्त लागतात. घराची दुरुस्ती करताना आधी प्लॅस्टर खरवडतात तसंच. म्हणजे सराव वाढवल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा किंचित कमजोर असतं. नेमकं त्याच वेळी तुमचं हृदय आणि फुप्फुसं तयार झालेली असतात, दम लागत नाही, आणि तुम्हाला वाटतं आता अंतर वाढवायला हरकत नाही. हृदय आठवड्यांत तयार होतं, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, हाड आणि कंडरा महिन्यांचा हिशोब करतात. बहुतेक दुखापती या दोन घड्याळांमधल्या फरकातून होतात.

आणि एक्स-रेचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर त्यात बहुधा दिसतच नाही. “एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही” असं म्हणून पळायला लागलेले मी पाहिले आहेत. बारीक तडा भरायला लागला की मगच त्याची खूण एक्स-रेमध्ये उमटते.

नडगीच्या आतल्या बाजूचा तडा त्यातल्या त्यात बरा. साधारण सहा ते आठ आठवडे धावणं बंद ठेवलं तर बहुतेक वेळा तो शस्त्रक्रियेशिवाय भरतो. पण काही जागा दगाबाज आहेत: खुब्याच्या हाडाची मान, नडगीची पुढची बाजू, पावलाच्या वरच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर नावाचं हाड, करंगळीकडच्या लांब हाडाचा तळ. धावणाऱ्या माणसाने “जांघेत खोल दुखतंय” म्हटलं की मी त्याला पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावरच्या एमआरआयलासुद्धा पाठवत नाही, लिफ्टने पाठवतो. खुब्याच्या मानेचा तडा पूर्ण तुटला तर प्लेट-स्क्रू आणि कधी कधी सांधाबदल. जांघेतल्या दुखण्यावर घरी शेकत बसू नका.

शिक्षिकाबाईंना एमआरआयचा अहवाल समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मोबाइल पुढे केला. त्यांच्या ग्रुपवर कोणीतरी जोन बेनॉइटची गोष्ट टाकली होती. ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या या धावपटूच्या गुडघ्यावर २५ एप्रिल १९८४ रोजी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ती ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन धावली आणि जिंकली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही तिनेच जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. “मग मला का नाही, सर?”

याचं उत्तर सरळ आहे. तिच्या गुडघ्यात एक पडद्यासारखी घडी अडकत होती, ती काढून टाकली. अडथळा गेला, सांधा मोकळा झाला. तिचं हाड तुटलेलं नव्हतं. घडी कापून काढता येते, हाडाचा तडा कापून काढता येत नाही, तो भरावा लागतो. ग्रुपवरच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट गाळलेली होती. त्या सतरा दिवसांत घाईने परतताना बेनॉइटच्या दुसऱ्या पायाच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. एक पाय सांभाळताना दुसऱ्यावर जादा भार पडतो, हे माझ्या ओपीडीत दर हंगामात दिसतं. उजवा गुडघा म्हणून आलेला माणूस महिन्याने डावी पोटरी घेऊन येतो.

हाडाच्या तड्याचं उदाहरण हवंच असेल तर ते पॉला रॅडक्लिफचं घ्यावं. मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तिच्या नावावर होता. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या काही महिने आधी तिच्या मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. जगातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दिमतीला होते. ती स्पर्धेत उतरली आणि तेविसावी आली. विक्रमवीर बाईंचं हाडसुद्धा तारीख बघून लवकर भरलं नाही.

रॅडक्लिफचीच दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती गोळ्यांची आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती ३६ किलोमीटरच्या आसपास रस्त्याच्या कडेला बसून रडली, ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. स्पर्धेआधी पाय दुखावला होता, त्यावर सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचे मोठे डोस चालू होते, आणि त्यांनी पोट बिघडून अन्न अंगी लागेना, असं तिने नंतर सांगितलं.

स्पर्धेच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन उतरणं ही आपल्याकडे आता जवळजवळ रीत झाली आहे. बिब, सेफ्टी पिन, केळं आणि गोळी. जर्मनीत बॉन मॅरेथॉनच्या २०१० च्या धावपटूंना डॉक्टरांनी प्रश्नावली दिली, सुमारे ३,९०० जणांनी उत्तरं दिली. जवळपास निम्म्यांनी धावण्याआधी गोळी घेतली होती. गोळी घेतलेल्यांत १६ टक्क्यांना पोट, हृदय, लघवी यांचे काही ना काही त्रास झाले, न घेतलेल्यांत ४ टक्क्यांना. नऊ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं: तिघांची मूत्रपिंडं तात्पुरती बंद पडली होती, चौघांना रक्तस्राव झाला होता, दोघांना हृदयविकाराचा झटका आला होता. हे नऊच्या नऊ गोळी घेतलेले होते. अशा पाहणीतून गोळी हेच एकमेव कारण असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण शरीरात काय घडतं ते आम्हाला माहीत आहे. धावताना रक्त पायांकडे वळतं, घामाने पाणी जातं, मूत्रपिंडाला मिळणारं रक्त आधीच कमी होतं. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला जे रसायन वापरतं तेच ही गोळी बंद करते.

पन्नाशीतल्या धावपटूंनी इथे जास्त लक्ष द्यावं, कारण तुमच्यातल्या अनेकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. रक्तदाबाची काही औषधं, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, आणि वर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार महागात पडतं. घरातला गोळ्यांचा डबा एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा. शिवाय गोळी दुखणं लपवते. ते लपल्यावर काय होतं, ते गिरणाऱ्याच्या रस्त्यावर दिसलंच.

आतापर्यंत धावणाऱ्यांना बोललो. आता आमच्या जमातीला बोलतो. “धावणं सोडा, या वयात कशाला हवंय?” हे वाक्य आम्ही डॉक्टर फार सहज बोलतो. ते बोलायला सोपं आणि चुकलं तरी अंगाशी न येणारं. पण त्याने दोन गोष्टी होतात. माणूस खरंच धावणं सोडतो, सहा महिन्यांत वजन आणि साखर घेऊन परत येतो. किंवा तो आमच्याकडे यायचं सोडतो आणि ग्रुपमधल्या अनुभवी माणसाच्या सल्ल्याने धावत राहतो. आणि प्रत्येक दुखण्याला विश्रांती हे औषध नसतंच. टाचेमागच्या कंडरेचं दुखणं घ्या. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन स्वतः धावणारे, त्यांचीच टाच दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा वैतागून त्यांनी कंडरा तुटेपर्यंत ताण द्यायचं ठरवलं. ती तुटली नाही, बरी झाली! त्यातून पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम निघाला: दिवसातून दोनदा, एकूण १८० वेळा, बारा आठवडे. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचे निष्कर्ष छापले, पंधराही जण पुन्हा धावू लागले होते. म्हणजे हाडाचा तडा भार काढल्याने भरतो आणि कंडरा मोजका भार दिल्याने सुधारते. दोन्ही दुखण्यांना “महिनाभर आराम” एवढंच लिहून देणारा डॉक्टर निदान एका बाबतीत चुकतोच.

मी शिक्षिकाबाईंना सहा आठवडे धावायला बंदी केली, तयारीला नाही. चालताना दुखणं थांबल्यावर सायकल. आपलं गाव सायकलवाल्यांचं आहे. इथल्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली. तेव्हा सायकलने दम तयार होतो का, ही शंका निदान नाशिककरांनी काढू नये. आठवड्यातून दोनदा तरणतलावात, छातीच्या वर पाण्यात, पाय जमिनीला न टेकवता धावण्याची क्रिया. पाहायला विनोदी दिसतं, पण चार आठवडे एवढंच केलेल्या धावपटूंची क्षमता टिकून राहिल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. काहीच केलं नाही तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्षमता साधारण सात टक्क्यांच्या आसपासच घटते. लोकांना वाटतं सगळी कमाई गेली. तशी ती जात नाही.

सायकलचा सापळा मात्र सांगून ठेवतो. सहा आठवडे दम टिकवला की पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर सहज पळता येतात. हृदय तयार, हाड अजून ओलं. म्हणून परतीचा पहिला दिवस कंटाळवाणा असायला हवा: एक मिनिट हळू धावणं, चार मिनिटं चालणं, असं पाच-सहा वेळा, एक दिवसाआड. तेही अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल, हाड दाबून दुखत नसेल आणि एका पायावरची उडी निर्धोक असेल तरच. स्नायू किंवा कंडरेचं हलकं दुखणं, दहापैकी तीनपर्यंतचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असेल तर चालतं. हाडाच्या बाबतीत ही सवलत नाही. तिथे शून्य म्हणजे शून्य.

आणखी एक तपास मी हल्ली चुकवत नाही: ताटाचा. शिक्षिकाबाईंनी नवरात्रात नऊ दिवस उपवास केले होते, त्याच नऊ दिवसांत धावण्याचं अंतरही वाढवलं होतं. साबुदाण्याच्या खिचडीत पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, ऐकणारही नाही कोणी. पण त्या आठवड्यात अंतर वाढवू नका, आणि ताक, दूध, दाणे सोडू नका. धावणाऱ्या तरुण मुलीची पाळी लांबली किंवा बंद झाली तर “सरावामुळे होतं” म्हणून सोडून देऊ नका. शरीराला धावण्यापुरतंही अन्न मिळत नाही आणि ते हाडांच्या खात्यातून उचल घेतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या, इतकं ऊन असलेल्या देशात त्याची कमतरता सर्रास सापडते.

“पण कविता राऊत तर लहानपणी अनवाणी पळायची,” हे मला वर्षातून चारदा तरी ऐकवलं जातं. पळायची, आणि म्हणूनच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी डोंगरात चालत-पळत मोठी झाली, मग भोसलाच्या मैदानावर विजेंदर सिंगांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घडली, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक जिंकली. तिच्या हाडांनी बालपणापासून भार पाहिला होता. आपली हाडं वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत आणि स्कूटरवर होती. त्यांना चार महिन्यांत ४२ किलोमीटरला जुंपणं म्हणजे पहिलीच्या मुलाला दहावीला बसवणं.

मग अडतं कुठे? अडतं बिबवर. पैसे भरलेले असतात, प्रवेश दुसऱ्याला देता येत नाही, मुंबईत भावाकडे राहायचं ठरलेलं असतं, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं असतं. हिशोब करून पाहा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तडा, जानेवारीच्या सुरुवातीला धावायला परवानगी, तिसऱ्या रविवारी स्पर्धा. मध्ये उरतात दोन ते तीन आठवडे. इथे धावपटूला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. लंडन मॅरेथॉनमध्ये नाव मागे घेऊन प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो, पैसे पुन्हा भरावे लागतात इतकंच. आपल्याकडच्या ज्या स्पर्धांत ही सोय नाही त्यांनी ती करावी. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागा, मुदत घाला, काहीही करा. पण दुखऱ्या पायाने उतरण्याला पैसे बुडण्याची भीती हे एक कारण असेल, तर ते आयोजकांना एका नियमाने काढून टाकता येईल. आणि रनिंग ग्रुपच्या कोच मंडळींना एक विनंती: रविवारच्या फोटोत लंगडणाऱ्याला उचलून मध्ये उभं करून टाळ्या वाजवू नका. बाकीचे ते पाहत असतात.

शिक्षिकाबाई त्या जानेवारीत मुंबईला गेल्या, पण धावायला नाही. ग्रुपच्या लोकांना संत्र्याच्या फोडी द्यायला पेडर रोडच्या चढावर उभ्या राहिल्या. परत आल्यावर माझ्यावर जरा चिडलेल्याच होत्या. फेब्रुवारीत त्यांनी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं सुरू केलं. परवा रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा सलग नऊ किलोमीटरवर होत्या. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरू का, असं विचारत होत्या. मी आधी एका पायावर उडी मारून दाखवा म्हटलं.